आपोआप फिरणारा बाण

त्या प्रकरणाचा एकेक दिवस मला अजून लख्ख आठवतो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. हे एक प्रकरण तसं मिसळलं नाही. यात माझ्या हातून जे झालं ते नोकरीत असताना मी कुठं लिहिलं नाही. आता लिहितो आहे.

मी तेव्हा अकोल्याला स्थानिक गुन्हे शाखेत पोलीस निरीक्षक होतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण वऱ्हाडात येऊन चार वर्षं झाली होती. उन्हाळ्याचे, लग्नसराईचे दिवस होते. एका सकाळी अकरा वाजायच्या आत शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाला ई-मेल आला. पाच ओळींचं मोडकंतोडकं इंग्रजी. इमारतीत बॉम्ब ठेवला आहे, तासाभरात फुटेल, वाचवता येतील तेवढे वाचवा.

अशा धमक्या बहुतेक वेळा पोकळ असतात, हे आम्हाला माहीत असतं. पण पोकळ समजून गप्प बसायची मुभा कुणालाच नसते. आम्ही इमारत रिकामी करायला घेतली. नियमाप्रमाणे लिफ्ट बंद ठेवली. तिसऱ्या मजल्यावरचे रुग्ण चादरीत घालून जिन्यानं खाली आणावे लागले. त्यांत ऑक्सिजनवर असलेली एक वयस्कर बाई होती. आवारातल्या कडुनिंबाखाली तिला ठेवलं, दुसरा सिलिंडर जोडेपर्यंत काही मिनिटं गेली आणि त्या मिनिटांत ती गेली. दुपारी दोनच्या सुमारास बॉम्बशोधक पथकानं सांगितलं, आत काही नाही.

गुन्हा दाखल झाला. एक माणूस मेल्यामुळे प्रकरण साधं राहिलं नव्हतं. वरून दर दोन तासांनी फोन येत होता, काय प्रगती आहे म्हणून. मेल पुरवणाऱ्या कंपनीकडं आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडं पत्रं गेली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मेल ज्या जोडणीवरून गेला ती अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या नावावर होती.

त्याच दुपारी अंजनगावातल्या आमच्या एका खबऱ्याला मी फोन लावला. त्यानं चौकशी करून तासाभरात उलट फोन केला. "साहेब, अकोल्यात गडबड झाली नं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या दुकानवाल्यानं आपला कॉम्प्युटर पुरा साफ करून घेतला. फॉरमॅट मारला."

मला वाटलं, प्रकरण संपलं. जोडणी त्याची, आणि पुरावाही त्यानंच पुसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकोटमार्गे अंजनगावला गेलो. तिथल्या ठाण्यात खबर दिली, त्यांचा एक हवालदार आणि दोन पंच सोबत घेतले. दुकान बाजाराच्या गल्लीत होतं. काचेच्या कपाटात पत्रिकांचे नमुने, एका बाजूला प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन, मधे टेबलावर कॉम्प्युटर. मालक चाळिशीचा, चष्मा लावलेला, अंगावर शाईचे डाग पडलेला शर्ट. बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याचा म्हातारा बाप बसला होता. घरचा पानमळा होता. सकाळचं मळ्यातलं काम आटोपलं की म्हातारा दुकानात येऊन बसायचा, असं पुढं कळलं.

मी कशासाठी आलोय ते सांगितलं. मालक जागचा हलला नाही. कॉम्प्युटरचा डबा कापडात गुंडाळला, दोरी बांधली, लाखेची सीलं लावली, पंचांच्या सह्या घेतल्या. त्याला गाडीत बसवताना गल्लीत शंभरेक माणसं जमली होती. बाप गाडीच्या दाराशी आला आणि मला म्हणाला, "साहेब, एक सांगतो, आयकून घ्या."

मी म्हणालो, "बाबा, जे सांगायचं ते कोर्टात सांगा."

संध्याकाळी पत्रकार परिषद झाली. आरोपीचं तोंड काळ्या कापडानं झाकून त्याला टेबलामागं उभं केलं होतं. पण दुकानाचं गाव आणि धंदा मीच सांगितला. अंजनगावात लग्नपत्रिका छापणारे किती असतील? दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात त्याचं नावही आलं.

न्यायालयानं पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली. चौकशी मीच करायला बसलो.

"मेल कुणी पाठवला?"

"मले नाई मालूम."

"इंटरनेट तुझ्या नावावर आहे."

"हाये."

"कॉम्प्युटर तुझा."

"माह्याच हाये."

"मग?"

"मंग काय? मी नाई पाठवला. तुमाले जे करायचं ते करा."

आमच्या साताऱ्याकडं पोलिसापुढं कुणी असं बोललं तर तो माज समजतात. वऱ्हाडात माणूस मोठ्या साहेबाशीही याच सुरात बोलतो आणि त्यात उद्धटपणा नसतो, हे मी चार वर्षांत पाहिलेलं होतं. त्या खोलीत मात्र ते माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात घ्यायची माझी इच्छा नव्हती, असंही म्हणता येईल.

"कॉम्प्युटर साफ का केलास?"

"काहून म्हंजे? मशीन लय हळू चालून रायली होती. खिडक्या आपोआप उघडत, आपोआप बंद होत. दुरुस्तीवाल्यानं सांगतलं, व्हायरस आला, फॉरमॅट मारा. मारला."

"व्हायरस कुठून आला? नवीन काय टाकलं होतंस त्यात?"

आतापर्यंत तो माझ्या डोळ्यांत बघून बोलत होता. या प्रश्नावर त्यानं खाली पाहिलं.

"काई नाई टाकलं."

तो खोटं बोलतोय हे मी ओळखलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं कळायला लागतं, आणि ते मला बरोबरच कळलं होतं. कशाबद्दल खोटं बोलतोय, हे मी स्वतःच ठरवून टाकलं. चूक तिथं झाली.

मग मी कारण शोधायला लागलो, आणि शोधणाऱ्याला कारण सापडतंच. वर्षभरापूर्वी त्याच रुग्णालयाच्या आरोग्य शिबिराची पत्रकं त्यानं छापली होती. एका डॉक्टरांचं आडनाव चुकलं, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकानं त्याला चारचौघांत झापलं आणि पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मी केस डायरीत लिहिलं, 'अपमानाचा राग मनात धरून.' मेल गेला त्या वेळी आपण अकोटला पत्रिका पोचवायला गेलो होतो, असं तो सांगत होता. त्याच्या मोबाइलचं ठिकाणही अकोटचंच दाखवत होतं. मी म्हणालो, हल्ली वेळ लावून मेल पाठवता येतो. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. तेवढ्या ऐकीव माहितीवर मी त्याचा खरा पुरावा बाजूला सारला.

पाच ओळी इंग्रजी याला कसं जमलं, हा प्रश्न एका हवालदारानं काढला होता. इंग्रजी पत्रिकेतला मजकूरसुद्धा हा माणूस जुन्या नमुन्यावरून अक्षर न् अक्षर बघून उतरवायचा. मी म्हणालो, कुठून तरी उतरवला असेल.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला मारलं. नवीन काय टाकलं होतं, हे मी पाचव्यांदा विचारलं आणि तो पुन्हा "काई नाई" म्हणाला. मी खुर्चीवरून उठलो आणि उघड्या हातानं त्याच्या डाव्या कानावर दोनदा मारलं. तो पडला नाही. कान धरून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खोलीत आणखी दोन कर्मचारी होते.  स्टेशन डायरीत त्या दिवशीची नोंद आहे, 'आरोपीकडे कसून चौकशी केली, उपयुक्त माहिती देत नाही.'

म्हातारा रोज यायचा. अंजनगावहून अकोट, अकोटहून अकोला, दोन एसटी बदलून. मुलासाठी डबा आणायचा आणि फाटकाजवळच्या बाकावर दुपारभर बसून राहायचा. मी दिसलो की उठून उभा राहायचा. मी थांबत नसे. ठाणे अंमलदारानं एकदा हसत मला सांगितलं, "सर, म्हातारा म्हणतो कॉम्प्युटरात भूत आलं होतं." मीही हसलो.

आमच्या सायबर विभागात दर्यापूरकडची एक महिला शिपाई होती. कॉम्प्युटरची पदवी घेऊन भरती झालेली, बोलायला कमी. मेल कंपनीकडून आलेल्या तक्त्यांचं मराठी टिपण करायचं काम मी तिच्याकडं दिलं होतं. कोठडीच्या चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, दोन मिनिटं बोलायचं होतं. मेल वेळ लावून गेलेला नाही."

"कशावरून?"

तिनं कागद पुढं केला. त्यावर दोन ओळींखाली पेन्सिलीची खूण होती. "हे बघा. दहा छत्तीसला त्या दुकानातून खातं उघडलं गेलं. दहा एक्केचाळीसला मेल लिहून पाठवला आणि खातं बंद केलं. म्हणजे त्या पाच मिनिटांत दुकानातल्या मशीनवर कुणीतरी प्रत्यक्ष काम करत होतं. आणि आरोपी तर अकोटला होता."

तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्या फायलीत होता. मी त्यातला फक्त पत्ता वाचला होता.

"मग दुकानात कोण होतं?"

"त्याचे वडील, सर. मी आत्ता बाहेर त्यांच्याशी बोलले. तुम्ही एकदा ऐकून घ्या."

म्हाताऱ्याला आत बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांगा बाबा, काय सांगायचं होतं?"

"पोरगा अकोटले गेलता पत्रिका द्याले. मी दुकानात बसलो होतो. मले त्या मशीनीतलं काई समजत नाई साहेब, मी हात बी नाई लावत. पन समोर पडद्यावर पायलं तं तो माऊसचा बाण चालून रायला होता. आपोआप. इकून तिकडं. माहे दोनी हात मांडीवर होते. मंग एक खिडकी उघडली अन् तिच्यात इंग्रजी अक्षरं उमटाले लागली, कोणी टाइप करून रायलं असन तशी. मले वाटलं पोरानंच काई लावून ठेवलं. मंग ते सारं बंद झालं."

"मुलाला सांगितलं होतंत?"

"सांगतलं नं. त्यानं पायलं, म्हणे व्हायरस हाये बाबा. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेला. तुमालेबी पहिल्या दिवशीच सांगणार होतो. तुमी म्हटलं, कोर्टात सांगा."

तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. काय झालं ते सांगत होता. मी महिला शिपायाकडं पाहिलं. ती म्हणाली, "सर, दुसऱ्या ठिकाणी बसून हे मशीन कुणी चालवत असेल तर समोर बसलेल्याला असंच दिसतं."

आरोपीला बोलावलं. या वेळी मी बाजूला बसलो आणि तिला विचारू दिलं. ती त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही इंटरनेटवरून काहीतरी फुकटचं उतरवून घेतलं होतं. मला त्याचं नाव पाहिजे. तुम्ही चोरीचं सॉफ्टवेअर वापरता की काय, त्याची केस आम्हाला करायची नाही."

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "होणार नाही. माझा शब्द."

मग तो बोलला. गिऱ्हाइकं हल्ली पत्रिकेचा मजकूर मोबाइलवर पाठवतात. ती अक्षरं त्याच्या जुन्या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये उमटत नसत, चौकोन दिसत. सगळा मजकूर परत टाइप करावा लागे. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस पत्रिका. म्हणून अक्षरं बदलून देणारा एक प्रोग्रॅम त्यानं शोधला. बनवणाऱ्याच्या मूळ जागेवरून नाही, तर कुठल्याशा भलत्याच साइटवरून, जिथं पानभर 'डाउनलोड'ची बटणं होती. फुकट होता. सोबत एक सूचना होती की टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही.

"अन् तुम्ही बंद केला?"

"केला. लिवून होतं तसं. अक्षरं बी बदलून देत होता नं चांगली. कामाचा होता तो. मले काय मालूम त्याच्या पोटात काय हाये."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"माह्या मशीनीतलं एकबी सॉफ्टवेअर विकतचं नाई. सारं असंच कोणाकून घेतलेलं. मले वाटलं ते सांगतलं तं तेच कलम लावतील, अन् मेलचंबी खरं धरतील."

चार दिवस मी ज्या खोट्याच्या मागं लागलो होतो, ते एवढंच होतं.

त्याच्या मशीनमधलं सगळं फॉरमॅटमध्ये गेलं होतं. पण तोच प्रोग्रॅम त्यानं आणखी कुणाला दिला होता का, हे तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, अकोटच्या एका शाळेतल्या लिपिकाला पेनड्राइव्हवर दिला होता. त्यांनाही तीच अडचण होती.

आम्ही तडक अकोट गाठलं. शाळेला सुट्टी लागली होती, लिपिक एकटाच कार्यालयात दाखल्यांचं काम करत बसला होता. पोलीस बघून तो उठून उभा राहिला. महिला शिपायानं त्याला काही विचारण्याआधी भिंतीजवळ जाऊन इंटरनेटची केबल काढली. "मशीन बंद करू नका," ती म्हणाली, "आहे तसंच राहू द्या." मग तिनं खुर्ची ओढली आणि कामाला लागली. आम्ही पंच बोलावले. अक्षरं बदलणारा प्रोग्रॅम तिथं होता, आणि त्याच्यासोबत आणखी एक, ज्याचं नाव विंडोजच्याच एखाद्या भागासारखं होतं. मशीन सुरू झालं की तोही गुपचूप सुरू व्हायचा आणि बाहेरच्या एका पत्त्याशी जोडला जायचा. लिपिकाला काही माहीत नव्हतं. शाळेतल्या सगळ्या मुलांचे पत्ते, आधार क्रमांक, फोटो त्या मशीनमध्ये होते. ते बाहेर गेले असतील का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "गेले नाहीत असं सांगता येत नाही." तो खाली बसला.

दोन दिवसांनी दुसऱ्या एका राज्यातल्या पोलिसांशी माझं फोनवर बोलणं झालं. त्याच आठवड्यात त्यांच्याकडंही एका रुग्णालयाला धमकी आली होती. मी आमच्या मेलची पहिली ओळ वाचली. पलीकडच्या अधिकाऱ्यानं दुसरी ओळ म्हणून दाखवली. चुकाही त्याच होत्या. त्यांनीही एकाला आत टाकलं होतं, घरी बसून परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाला. त्याच्याही कॉम्प्युटरमध्ये कुठूनसा फुकट घेतलेला प्रोग्रॅम होता.

पण पकडलेला माणूस सोडणं हे पकडण्याइतकं सोपं नसतं. पोलीस कोठडी संपली तेव्हा आमच्याकडं अकोटच्या मशीनचा पंचनामा होता, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. वरिष्ठ म्हणाले, अहवाल येऊ द्या, घाई नको. त्याला न्यायालयात हजर केलं. न्यायाधीशांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

मी त्याच्या मागं दोन हातांवर उभा होतो. तो म्हणाला, "नाई."

त्याची तुरुंगात रवानगी झाली. पुढं प्रयोगशाळेनं प्राथमिक अहवाल दिला, आम्ही कलम १६९ खाली पुरावा नसल्याचा अहवाल सादर केला आणि तो सुटला. एकूण एकोणीस दिवस. त्याच्या सुटकेसाठी पत्रकार परिषद झाली नाही. मी चार ओळींची प्रेसनोट पाठवली होती. ती कुठं छापून आलेली मी पाहिली नाही.

खरा माणूस सापडला नाही. तो बाहेरचा पत्ता परदेशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली. वर्षभरानं आम्ही 'अ समरी' मागितली. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही, असा त्याचा अर्थ. त्याची नोटीस मृत बाईच्या मुलीला द्यायची होती. ती मूर्तिजापूरहून ठाण्यात आली, नोटीस वाचली आणि म्हणाली, "म्हंजे कोणीच नाई का?" मी तिला सर्व्हर, परदेश, पत्रव्यवहार असं बरंच समजावलं. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आईले जिन्यानं खाली आणाची गरजच नव्हती मंग." तिनं पोच म्हणून सही केली आणि गेली. 

जप्त केलेला कॉम्प्युटर न्यायालयाच्या आदेशानं परत द्यायचा होता. एखाद्या शिपायाबरोबर पाठवता आला असता. मी स्वतः गेलो. दुकानाला कुलूप होतं. शेजाऱ्यानं मळ्याकडं पाठवलं. लग्नसराई ऐन भरात असताना लोकांनी दिलेला मजकूर परत मागून नेला होता. मुलीच्या लग्नाची पत्रिका अशा दुकानात कशाला, म्हणून. त्यानंतर त्यानं दुकान उघडलंच नव्हतं.

पानमळ्यात सावली होती. तो वेल बांधत होता, बाप पानं लावत बसला होता. मी बसायला गेलो तेव्हा बाप म्हणाला, "साहेब, इकून बसा. त्याले त्या कानानं आयकू येत नाई."

मी उजवीकडं जाऊन बसलो.

कॉम्प्युटरचा डबा समोर ठेवला, पावतीवर सही घेतली. बाप पाणी घेऊन आला. ते मी प्यालो. मग मी म्हणालो, "तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार लिहून द्या. मी तिथं आड येणार नाही. विचारलं तर जे झालं ते सांगेन."

तो वेलाची गाठ मारत होता. ती पुरी झाल्यावर म्हणाला, "काय लिवू साहेब? कोर्टानं विचारलं तवा मी नाई म्हनलो. आता हो म्हनलो तं मीच खोटा."

"तेव्हा मी मागं उभा होतो म्हणून नाही म्हणालात."

"हो नं. पन ते कागदावर थोडीच हाये."

मी उठलो. बापानं कॉम्प्युटर पडवीत नेऊन ठेवला. मुलानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

परत आल्यावर मी अधीक्षकांना तोंडी सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याची तक्रार नाही, तुम्ही कशाला स्वतःवर ओढून घेता? मी ओढून घेतलं नाही. पुढं पदोन्नती झाली, निरोपसमारंभात शाल-श्रीफळही मिळालं.

आता मी कधी कधी शाळा-महाविद्यालयांत बोलायला जातो. काय खबरदारी घ्यायची ते सांगतो. प्रोग्रॅम फुकटचा असला तरी तो बनवणाऱ्याच्या मूळ जागेवरूनच घ्या. आधी अँटिव्हायरस बंद करा, असं जो सांगतो त्याचं काहीही टाकू नका. मशीन आपोआप वागायला लागलं तर इंटरनेट तोडा, पुसून टाकायची घाई करू नका, आणि लपवू नका. लोक हे लिहून घेतात. लपवू नका हे सांगताना माझा आवाज थोडा उतरतो, कारण तो माणूस लपवत होता ते आम्हाला घाबरून, आणि त्याचं भय खोटं नव्हतं हे मी माझ्या हातानं सिद्ध केलं.

पोलिसांच्या प्रशिक्षणात बोलावतात तेव्हा मी दुसरं सांगतो. माणूस खोटं बोलतोय एवढं कळलं की आपण खूश होतो आणि पुढचं आपणच भरून टाकतो. मीही तेच केलं. त्या प्रकरणानंतर जितकी वर्षं नोकरी केली, त्यांत साक्षीदार काहीही म्हणो, वेडगळ वाटो, भुताखेताचं वाटो, मी ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावलं. त्यातलं बरंचसं निरुपयोगी निघालं. तरी ती सवय मी सोडली नाही. आणि चौकशीच्या खोलीत पुन्हा कुणावर हात टाकला नाही. हे मोठेपणानं सांगत नाही. ते शिकायला मला दुसऱ्याचा कान लागला.

हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. उजव्या कानाला फोन लावून त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिवा. पन नाव नका टाकू. गावातले लोक आता कुठं विसरून रायले."

म्हणून यात त्याचं नाव नाही. त्याला ज्यानं मारलं तो मी.